पुढच्या फटीपेक्षा मागची दाढ बघा: सात वर्षांच्या मुलाचे दात आणि क्लिपची घाई

इंदिरानगरच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा ७ वर्षं ८ महिन्यांचा. शाळेत दंततपासणी झाली आणि दप्तरातून चिठ्ठी आली, ‘दात वेडेवाकडे, ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा.’ वरच्या दोन नव्या दातांत फट आहे, खालचे चार एकमेकांवर चढलेत. एका डॉक्टरांनी लगेच जबडा रुंद करायची प्लेट लावू म्हणून सांगितलं. दुसरे म्हणाले, बारा वर्षांचा झाला की या. सासूबाईंचं म्हणणं, दुधाचे दात पडायचेच असतात, कशाला पैसे घालवता! आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता दोन ओळी: ‘चार महिन्यांपूर्वी खालची डावीकडची एक दुधाची दाढ किडली म्हणून काढली. माझी बहीण म्हणते चावताना त्याची हनुवटी डावीकडे जाते, मला तरी तसं वाटत नाही.’

ताई, गेली २२ वर्षं मी नाशकात मुलांच्या दातांना तारा लावते आहे, म्हणून सरळच सांगते. तुम्ही ज्याबद्दल अर्धं पान लिहिलंत, ती फट आणि ते चढलेले दात, त्यात आज काहीही करायचं नाही. आणि ज्या दोन ओळी सहज लिहून गेलात, त्यांसाठी मात्र याच महिन्यात कुणालातरी दाखवा. हे नेहमीचंच आहे. पुढचे दात हसताना दिसतात, फोटोत येतात, पाहुणे त्यावर बोलतात, म्हणून आईबाप त्याबद्दल विचारतात. मागच्या दाढेबद्दल कुणी विचारत नाही.

आधी फटीचं बघू. साधारण सात ते अकरा-बारा या वयात वरचे पुढचे दात पंख्यासारखे फाकलेले दिसतात. आमच्या पुस्तकात याला ‘अग्ली डकलिंग स्टेज’ म्हणतात, म्हणजे गोष्टीतल्या त्या कुरूप पिल्लाचे दिवस. कारण साधं आहे. वरचे सुळे अजून हाडात, नाकाच्या बाजूला वर असतात आणि खाली उतरताना त्यांचा दाब शेजारच्या दातांच्या मुळांवर पडतो. मुळं आत ढकलली गेली की दातांची टोकं बाहेर फाकतात. अकरा-बारा वर्षांच्या आसपास सुळे खाली आले की तोच दाब दातांना एकमेकांजवळ आणतो. दोन मिलीमीटरपर्यंतची फट बहुतेक मुलांत अशी आपोआप मिटते. ती आत्ता तारेने ओढून मिटवली तर शेजारच्या दाताचं मूळ उतरणाऱ्या सुळ्याच्या वाटेत जाऊ शकतं. म्हणजे चांगलं दिसावं म्हणून केलं आणि मूळच झिजलं, असं व्हायचं. ओठाच्या आतली ती जाड शीर असते ना, ‘ती कापून टाका म्हणजे फट जाईल’ असंही कुणी सांगेल. सुळे येईपर्यंत तिला हात लावू नका.

अपवाद आहेत. फट खूपच मोठी असेल, किंवा एका बाजूचा नवा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा पत्ता नसेल, तर एक एक्स-रे काढावा लागतो. दोन दातांच्या मधोमध हाडात एखादा जास्तीचा, शंकूसारखा दात लपलेला असतो कधीकधी. तो असेल तर गोष्ट वेगळी.

आता खालचे चढलेले चार दात. दुधाचे पटाशीचे दात बारके, त्यांच्या जागी येणारे रुंद. खालच्या चार दातांचा फरकच सुमारे सहा मिलीमीटर भरतो. जबडा थोडा रुंदावतो, दुधाच्या दातांतल्या फटी उपयोगी पडतात, तरी सात-आठ वर्षांच्या मुलात एक-दोन मिलीमीटरची गर्दी राहतेच. ती दिसली की आईबाप घाबरतात, आणि काही ठिकाणी त्या घाबरण्यावर प्लेट विकली जाते. (हे माझ्याच व्यवसायाबद्दल लिहिते आहे, माहीत आहे मला.) मागचा चावा सरळ असताना, केवळ एवढ्याशा गर्दीसाठी सातव्या वर्षी जबडा रुंद करायला घेणं मला पटत नाही. खालच्या जबड्यात तर वरच्यासारखा उघडणारा सांधाच नसतो. रुंद केलेला वरचा आणि होता तेवढाच खालचा, मग दाढा एकमेकींवर बसणार कशा?

निसर्गाने जागेची तजवीज दुसरीकडे करून ठेवली आहे, आणि इथेच सासूबाईंचं गणित चुकतं. दुधाची दुसरी दाढ खालच्या जबड्यात साधारण दहा मिलीमीटर रुंद असते. तिच्या जागी येणारी कायमची उपदाढ, म्हणजे सुळ्यामागची छोटी दाढ, सातच्या आसपास. म्हणजे प्रत्येक बाजूला अडीच-तीन मिलीमीटर जागा त्या दुधाच्या दाढेने अडवून, राखून ठेवलेली असते. दहा-अकरा वर्षांच्या आसपास ती पडते, तेव्हा एक पातळ तार आतल्या बाजूने बसवून ही जागा धरून ठेवली, तर पुढच्या दातांची बारीकसारीक गर्दी तिथे सामावते. न धरली तर मागची मोठी दाढ पुढे सरकून ती खाऊन टाकते. सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, दुधाचे दात पडायचेच असतात. पण कधी पडतात यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. दहाव्या वर्षी पडणारी दाढ सातव्या वर्षी काढावी लागली, तर तीन वर्षं त्या जागेला राखणदार नाही.

म्हणून तुमच्या मुलाची ती काढलेली दाढ.

पहिली की दुसरी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दुसरी असेल तर काळजी जास्त. तिच्या मागे सहाव्या वर्षी एक मोठी दाढ येते, ती कायमची. ती यायला कुठलाही दात पडत नाही, गुपचूप मागून उगवते, त्यामुळे निम्म्याहून अधिक पालक माझ्यासमोर ‘ती दुधाचीच ना?’ असं विचारतात आणि तोवर तिला कीड लागलेली असते. ही दाढ आयुष्यभर वापरायची आहे. तुमच्या मुलाच्या तोंडात ती चारही कोपऱ्यांत आली असेल तर तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे कीड अडवणाऱ्या पातळ लेपाने, भरून घ्या. काम थोड्या मिनिटांचं, सुई-ड्रिल काही नाही.

तर, पुढची दुधाची दाढ काढली की ही मोठी दाढ रिकाम्या जागेत कलते. सगळ्यात जास्त जागा जाते ती पहिल्या सहा महिन्यांत. तुमचे चार झालेत. मी काय करते सांगते: भूमितीच्या कंपासातल्या डिव्हायडरसारखं एक हत्यार असतं, त्याने उजवीकडची शाबूत दाढ मोजते, मग डावीकडचा खड्डा मोजते. उजवीकडे दहा आणि डावीकडे साडेनऊ भरलं तर लगेच ‘बँड अँड लूप’ बसवते. मागच्या दाढेभोवती स्टीलची कडी, आणि तिच्यापासून पुढच्या दातापर्यंत तारेचा फास. हलत नाही, काढायचा नाही, दोन भेटींत काम होतं. डावीकडे साडेसात भरलं तर आधी स्प्रिंगने दाढ मागे ढकलायची, मग कडी. त्याला काही महिने लागतात. आणि काहीच केलं नाही तर बारा वर्षांच्या वयात आतली उपदाढ हाडातच अडकते किंवा जिभेच्या बाजूने उगवते, आणि मग दीड-दोन वर्षांच्या तारा. खर्चाचा फरक किती पटींचा, ते तुम्हीच विचारा कुठल्याही क्लिनिकमध्ये.

जाता जाता, किडलेली दुधाची दाढ काढणं हा शेवटचा उपाय असावा. नस साफ करून वर स्टीलची कॅप बसवली तर ती दाढ आपल्या वेळेला पडेपर्यंत टिकते, आणि तिच्याइतका चांगला राखणदार कुठल्याही लॅबमध्ये तयार होत नाही. ‘दुधाच्या दाताला कसला रूट कॅनाल’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. पू झाला, मूळच खाल्लं गेलं, तर काढावीच लागते. पण मग काढायच्या दिवशीच जागेचं काय, हे विचारायचं.

आता हनुवटी. तुमच्या बहिणीचे डोळे तिखट आहेत, त्यांचं ऐका. घरी असं बघा. सकाळच्या उजेडात मुलाला खिडकीसमोर स्टुलावर बसवा, डोकं सरळ. तुम्ही समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. तोंड मोठं उघडायला सांगा आणि मग ‘हळूहळू, हळूहळू मिट, दात टेकले की थांब’ असं म्हणा. ‘दात आवळ’ म्हणायचं नाही, तसं म्हटलं की मुलं सवयीच्या जागी जबडा नेऊन मोकळी होतात. पहिला दात टेकतो त्या क्षणी वरच्या दोन दातांमधली रेघ आणि खालच्या दोन दातांमधली रेघ समोरासमोर आहे का बघा. आता म्हणा, ‘पूर्ण चाव.’ तेवढ्यात खालचा जबडा एका बाजूला घसरला, रेघ डावीकडे गेली, तर बहीण बरोबर. तीनदा करून बघा. मोबाईलवर व्हिडिओ काढलात तर आणखी चांगलं, डॉक्टरांना दाखवता येतो.

घसरण्याचं कारण बहुतेकदा वरच्या जबड्यात असतं. तो अरुंद असतो, दोन्ही बाजूंनी सारखाच. दाढा टोकावर टोक टेकतात, चावता येत नाही, म्हणून मूल जबडा एका बाजूला सरकवून सोय करून घेतं. बघणाऱ्याला वाटतं, डावीकडचेच दात उलटे बसलेत. वर्षानुवर्षं जबडा असाच तिरका बंद होत राहिला तर तो तसाच वाढतो, आणि मग पंधराव्या वर्षी चेहरा तिरका दिसतो म्हणून तुम्ही याल, तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसेल.

हे आपोआप सुटेल म्हणून बारा वर्षांपर्यंत थांबू नये. टाळूच्या मधोमध एक सांधा असतो, लहान वयात तो सैल असतो, चौदा-पंधरानंतर घट्ट होत जातो. आठव्या-नवव्या वर्षी साध्या स्क्रूच्या उपकरणाने टाळू रुंद करता येते. स्क्रूला बारीक भोक असतं, त्यात चावी घालून पुढून मागे ढकलायची, एका फिरवण्यात साधारण पाव मिलीमीटर. किती वेळा फिरवायची ते उपकरणावर अवलंबून आहे, काही ठिकाणी रोज, काही ठिकाणी आठवड्यातून दोनदा, तुमचे डॉक्टर सांगतील तसंच. हे काम घरीच होतं. माझ्याकडे बहुतेक घरांत बाबा चावी फिरवतात आणि आई टॉर्च धरते. चावीला दोरा बांधून ठेवा, घशात जायला नको. रोज फिरवायचं असेल तर आठवडा-दीड आठवड्यात वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडते आणि तेव्हा मला रात्री फोन येतात. ती फट म्हणजे सांधा उघडल्याची खूण आहे, पुढच्या काही आठवड्यांत मिटते. त्यानंतर उपकरण काही महिने तसंच तोंडात ठेवायचं, सांध्यात हाड भरेपर्यंत. तेवढे दिवस चिक्की बंद, ऊस बंद, पेरू कापून. संक्रांतीला तिळाची वडी चावून कडी निखळलेली मुलं दरवर्षी येतात माझ्याकडे. तिळगुळाचे लाडू कुस्करून द्या, गोड तितकंच लागतं.

म्हणजे गंमत बघा. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेली प्लेट तुमच्या मुलाला कदाचित लागेलही, पण खालचे दात चढलेत म्हणून नाही, हनुवटी सरकते म्हणून. त्यांनी हनुवटी बघितली होती का, हे मला पत्रातून कळत नाही. त्यांनाच विचारा: ‘नेमकं काय दुरुस्त करतोय आपण? वर्षभर थांबलो तर काय बिघडेल? आणि हे केल्यावर पुढे क्लिप लागणारच नाही का?’ तिसऱ्या प्रश्नाला जे ठामपणे ‘नाही लागणार’ म्हणतील त्यांच्यापासून जरा सांभाळून. पहिल्या टप्प्यानंतरही बऱ्याच मुलांना तेरा-चौदाव्या वर्षी क्लिप लागतेच, फक्त काम सोपं झालेलं असतं.

सातव्या वर्षीच दाखवा म्हणतात, तो सात वर्षांचा आकडा कुठून आला, असंही तुम्ही पत्रात विचारलंय. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेची शिफारस आहे की सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासणी व्हावी. या वयात पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे काही कायमचे दात आलेले असतात, त्यामुळे चावा कुठे चाललाय याचा अंदाज येतो. शिफारस बघण्याची आहे, बांधण्याची नाही. मी सात-आठ वर्षांची जी मुलं बघते त्यातल्या बऱ्याच जणांच्या कागदावर फक्त ‘सहा महिन्यांनी दाखवा’ एवढंच लिहिलेलं असतं. पालकांना ते फुकट गेल्यासारखं वाटतं. एक आजोबा म्हणाले होते, ‘मग एवढ्या लांबून आलो कशाला?’

ते आजोबा दिंडोरीकडचे, द्राक्षाची बाग असलेले. त्यांच्या नातीचा जबडा खरंच लहान होता, दात मोठे, गर्दी आठ-नऊ मिलीमीटरची. अशा थोड्या मुलांत ठरावीक क्रमाने आधी दुधाचे सुळे आणि पुढे उपदाढा काढून बाकीच्यांना वाट करून द्यावी लागते. मी चित्र काढून समजावत होते, ते म्हणाले, ‘म्हणजे थिनिंग. घडातले मणी विरळले नाहीत तर कुठलाच फुगत नाही.’ मी म्हटलं, बाबा, इथे उरलेले दात फुगणार नाहीत, फक्त नीट बसतील. पण वेळ चुकली तर सगळं चुकतं, हे त्यांना मला सांगावं लागलं नाही. पुढे तीन वर्षं ठरलेल्या तारखेला ते स्वतः तिला घेऊन येत, छाटणीच्या दिवसांतसुद्धा.

थांबू नये अशा आणखी तीन-चार गोष्टी सांगते, तुमच्या मुलाला नसल्या तरी वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी असतील.

वरचा एखादा पुढचा दात खालच्या दाताच्या मागे बसत असेल, तर तो लगेच पुढे आणावा. समोरच्या खालच्या दातावर दर घासाला धक्का बसतो आणि त्याची हिरडी उतरते. छोट्या प्लेटने हे बहुतेकदा दोन-तीन महिन्यांत होतं. सगळेच वरचे दात मागे आणि खालचा जबडा पुढे असेल, आणि घरात आजोबा-काकांचीही हनुवटी तशीच असेल, तर वरचा जबडा पुढे ओढणारा, तोंडावर लावायचा फेसमास्क दहा वर्षांच्या आत चांगला चालतो. दिवसात बारा-चौदा तास, बहुतेक झोपेत. ब्रिटनमध्ये ७ ते ९ वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका चाचणीत सहा वर्षांनी बघितलं तेव्हा, मास्क वापरलेल्यांपैकी ३६ टक्के मुलांना पुढे शस्त्रक्रिया लागेल असं तज्ज्ञांना वाटलं. न वापरलेल्यांत ६६ टक्के. म्हणजे फायदा मोठा आहे, हमी नाही. हनुवटी अठरापर्यंतही वाढत राहते आणि ती माझं ऐकत नाही.

याउलट वरचे दात पुढे आलेले. यासाठी सातव्या-आठव्या वर्षी येणारे पालक सगळ्यात जास्त, आणि इथेच घाई सगळ्यात जास्त होते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना आणि फ्लोरिडात, आणि ब्रिटनमध्येही, मुलांचे दोन गट करून हे वर्षानुवर्षं तपासलं गेलं: एका गटाला लवकर उपचार, दुसऱ्याला किशोरवयात एकदाच. शेवटी जबडा आणि चावा दोन्ही गटांत जवळपास सारखाच निघाला. लवकर केलेल्यांना उपचाराची एकूण वर्षं मात्र जास्त लागली. एकच ठोस फायदा दिसला, पुढचे दात पडून-आपटून तुटायचं प्रमाण कमी झालं. म्हणून मी आता असं बघते: दात किती पुढे आहेत, ओठ त्यांवर मिटतो का, पोरगं किती धडपडं आहे, आणि वर्गात चिडवतात का. चिडवण्याने मूल तोंडावर हात धरून बोलत असेल तर तेही कारण मी पुरेसं मानते. नाहीतर ट्विन ब्लॉक (खालचा जबडा पुढे आणणारं, काढता-घालता येणारं उपकरण) मुलींना साधारण दहा-बारा, मुलांना बारा-चौदाच्या सुमारास, उंची झपाट्याने वाढत असताना. सुरुवातीच्या वर्षांत मी साडेआठ वर्षांच्या मुलांनाही तो देत होते. एका मुलाने चौदा महिने इमानेइतबारे घातला, आणि बाराव्या वर्षी मला त्यालाच परत घालायला सांगावं लागलं. त्याने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

धडपड्या मुलांच्या घरी एवढं माहीत हवंच: कायमचा दात अख्खा निखळून पडला तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचला, घाण असेल तर पाण्याखाली अलगद धरा, खसाखसा घासू नका. जागेवर परत बसवता आला तर बसवा, नाहीतर थंड दुधाच्या पेल्यात टाका आणि अर्ध्या तासात डेंटिस्टकडे पळा. दुधाचा दात निखळला तर तो मात्र परत बसवायचा नाही.

अंगठा चोखणं तीन-चार वर्षांपर्यंत सोडून द्या. कायमचे पुढचे दात यायला लागले तरी चालू असेल तर थांबवायला हवं. कडुनिंब लावून, मारून, पाहुण्यांसमोर लाजवून ते थांबत नाही, उलट पांघरुणाखाली जातं. तोंडाने श्वास घेण्याबद्दल एक सावधगिरी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत अर्धी मुलं सर्दीने तोंड उघडं ठेवूनच झोपतात, त्यावरून काही ठरवू नका. बाराही महिने घोरत असेल, झोप लागूनही दिवसा पेंगत असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे.

आणि सुळे. हे मी माझ्या चुकीतून शिकले, म्हणून जरा सविस्तर.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक नऊ वर्षांची मुलगी यायची. दात देखणे, चावा सरळ. मी दर सहा महिन्यांनी बघायचे, ‘छान’ म्हणायचे, पाठवून द्यायचे. मध्ये वर्षभर आली नाही. तेराव्या वर्षी आली ती वरचा एक दात हलतो म्हणून. एक्स-रेत दिसलं, कायमचा सुळा आडवा होऊन टाळूकडून त्या दाताच्या मुळावर आदळला होता आणि मूळ निम्मं विरघळलं होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं, दुधाचा सुळा जागेवर मजेत होता. मी नवव्या-दहाव्या वर्षी फक्त बोट फिरवलं असतं तर कळलं असतं. दहाव्या वर्षापर्यंत वरचा सुळा दुधाच्या सुळ्याच्या मुळाशी, ओठाच्या बाजूने, हिरडीखाली वाटाण्याएवढ्या टणक उंचवट्यासारखा हाताला लागायला हवा. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर एक्स-रे. सुळा टाळूकडे चाललेला दिसला तर बऱ्याचदा नुसता दुधाचा सुळा वेळेवर काढल्याने कायमचा आपली वाट पकडतो. स्वीडनमधल्या १९८८ सालच्या अभ्यासात असे ४६ सुळे होते, त्यातले ७८ टक्के फक्त एवढ्याने जागेवर आले. एक दुधाचा दात काढणं, बस. त्या मुलीला मला शस्त्रक्रिया, साखळी लावून सुळा ओढणं आणि अडीच वर्षांच्या तारा द्याव्या लागल्या. तेव्हापासून नऊ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाच्या हिरडीवरून माझं बोट फिरतं, आलेलं कारण काहीही असो. तुमच्या मुलासाठी ही तारीख सोळा महिन्यांनी आहे. कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कुणाकडे जायचं, तर बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात-जबडा सरळ करण्याच्या शाखेत, तीन वर्षांचं एमडीएस केलेल्या कुणाकडेही. पदवी विचारायला संकोच करू नका. खर्चाचा ताण असेल तर पंचवटीतल्या केबीएच दंत महाविद्यालयात ऑर्थोचा विभाग आहे. कॉलेजात वेळ जास्त जातो, पण शिकाऊ डॉक्टरांवर शिक्षकांची नजर असते आणि तिथे मुलाला घाईने कुणी हाताळत नाही. पोस्टाने घरी येणारे, ठसा आपणच घ्यायचे अलायनर (दातांवर चढवायचे पारदर्शक साचे), किंवा ‘रात्री घाला, जबडा आपोआप वाढेल’ असे तयार रबरी ट्रेनर, हे कुणी न तपासता देत असेल तर घेऊ नका.

भेटीला जाताना शाळेची चिठ्ठी न्या, तो व्हिडिओ न्या, दाढ काढण्याआधीचा एक्स-रे असेल तर तोही. तुम्ही लिहिलंय की फ्लॅटमध्ये छप्पर नाही म्हणून मुलाने काढलेली दाढ फेकली नाही, डबीत ठेवली आहे. ती डबी पण न्या. दाढेची मुळं लांब, अख्खी असतील तर खालची उपदाढ अजून खोल आहे आणि जागा बराच काळ राखावी लागेल. मुळं झिजून बुडखा राहिला असेल तर ती जवळ आली आहे आणि कदाचित नुसतं लक्ष ठेवूनही भागेल. एक्स-रेने हे नक्की होईलच, पण मी तरी आधी डबी उघडून बघते, आणि मुलालाही ते दाखवायला फार आवडतं.